दोन टक्क्यांच्या अलीकडची जबाबदारी

३० ऑक्टोबर २०२२ हा रविवार होता. त्या दिवशी अमरावतीच्या प्रभात चौक परिसरातील एक जुनी दुमजली इमारत कोसळली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. लक्ष्मीपूजनाला आठवडाही उलटला नव्हता. काही दिवस हळहळ व्यक्त झाली आणि मग बाजार पुन्हा आपल्या कामाला लागला. परंतु त्या घटनेने व्यापारी कुटुंबांपुढे जो प्रश्न उभा केला, तो आजही तसाच आहे. अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतील बाजारपेठ असो की अकोल्याच्या टिळक मार्गावरील दुकानांची रांग असो, या भागांतील कितीतरी जुन्या वास्तू आपल्याच समाजबांधवांच्या मालकीच्या किंवा ताब्यातील आहेत. मालकी चार वारसांत विभागलेली, भाडेकरू तीन पिढ्यांचा, भाडे नाममात्र आणि दुरुस्ती कोणी करावी याविषयी वाद. या परिस्थितीत इमारत दरवर्षी पावसाळा कसाबसा काढते आणि मालक व भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवितात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करवून घेणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी पार पाडण्यासाठी मालक कोट्यधीश असावा लागत नाही, किंवा त्याची कंपनी असावी लागत नाही. बांधकाम आणि मालमत्ता यांच्या क्षेत्रात ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ या एका उदाहरणावरून पुन्हा तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

कायद्यातील दोन टक्के

सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे ‘सीएसआर’, आपल्या देशात कायद्याने आले ते कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण यांसारख्या ठरावीक कामांवर खर्च करावयाची असते. सरासरी नफा ५ कोटी असेल तर ही रक्कम १० लाख रुपये होते.

आता आपल्या दोन शहरांकडे पाहू. येथील बहुतेक बिल्डर भागीदारी संस्था किंवा वैयक्तिक मालकीच्या पेढ्या चालवितात. कलम १३५ केवळ कंपन्यांना लागू असल्यामुळे या पेढ्या मुळातच त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पर्यावरण परवानगीचेही तसेच आहे. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्वपरवानगीची अट २०,००० चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामांना लागू होते. चार मजली, सोळा सदनिकांची आपली नेहमीची स्कीम त्या आकड्याच्या पुष्कळ खाली असते. तात्पर्य, ज्या दोन कायद्यांची नावे अशा चर्चांत प्रथम घेतली जातात, ते वऱ्हाडातील बहुसंख्य बांधकामांपर्यंत पोहोचतच नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेले काम सीएसआर म्हणून धरले जाणार नाही. म्हणजे बिल्डरने शाळेला वर्गखोली बांधून दिली तर ते उत्तरदायित्वाच्या खात्यात जमा होईल. परंतु स्वतःच्या इमारतीचा पाया नीट भरला, मजुराला सुरक्षेचा पट्टा दिला, पावसाचे पाणी जिरविले, तर ते त्या खात्यात येणार नाही. वरवर हे उलटे वाटेल, पण ते योग्यच आहे. जे देणेच आहे, त्याची नोंद दानात करता येत नाही. दोन टक्क्यांचा हिशेब नफा झाल्यावर सुरू होतो. खरी जबाबदारी त्याच्या पुष्कळ अलीकडे, इस्टिमेट लिहिले जाते तेव्हाच सुरू होते.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. मार्गानुसारी गृहस्थाच्या ३५ गुणांत आचार्य हेमचंद्रांनी पहिला गुण ‘न्यायसंपन्न विभव’ हा सांगितला. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या वर्णनात पंधरा कर्मादाने येतात. त्यांत भट्ट्यांचा धंदा, वने तोडण्याचा धंदा, जमीन फोडण्याचा धंदा आणि सरोवरे-तळी आटविण्याचा धंदा यांचा समावेश आहे. आज घर बांधताना यांपैकी प्रत्येक गोष्टीशी आपला थोडाफार संबंध येतोच. संबंध पूर्णपणे टाळता येत नसेल, तर तो कमीत कमी कसा राहील हे पाहणे आपल्या हातात असते. धन कसे दिले याच्या आधी ते कसे मिळविले हे विचारण्याची शिस्त या यादीमागे आहे.

काळी माती आणि खारे पाणी

वऱ्हाडात बांधकाम करणाऱ्यास निसर्गाने दोन अडचणी दिल्या आहेत. पहिली काळ्या मातीची. कापसाला जिने वैभव दिले तीच माती घराच्या पायाला त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पाया उथळ असेल तर त्या हालचालीबरोबर भिंतीही हलतात व तिरप्या तडा जातात. यावर उपाय नाही असे नाही. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली कंदासारखा फुगीर भाग असलेल्या खांबांच्या पायाची, म्हणजे ‘अंडर-रीम्ड पाइल’ची, पद्धत विकसित केली. ओलाव्याचा चढउतार जेथे फारसा पोहोचत नाही, अशा सुमारे साडेतीन मीटर किंवा अधिक खोलीवर हा खांब टेकविला जातो. जेथे मुरूम वरच लागतो तेथे साधा पायाही चालतो. मात्र कोणत्या प्लॉटवर काय चालेल हे माती तपासल्याशिवाय कळत नाही. सदनिकेच्या किमतीपुढे या तपासणीचा खर्च अगदीच किरकोळ असतो. तरीही ‘शेजारच्या प्लॉटवर काय केले’ एवढ्या चौकशीवर अनेक ठिकाणी काम भागविले जाते.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांच्या बऱ्याच भागांत बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. माणूस ते पाणी पीत नाही, पण इमारतीला मात्र ते पाजले जाते. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम दिली आहे. सळई नसलेल्या काँक्रीटसाठी ती २,००० आहे. हा फरक का, हे समजून घेण्यासारखे आहे. क्षारामुळे काँक्रीटच्या आतील सळई गंजते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि आतून काँक्रीटला ढकलते. प्रथम बारीक तडा दिसते, मग पोपडा सुटतो, नंतर सळई उघडी पडते. स्लॅबवर पाणी मारण्यासाठीही तेच खारे पाणी वापरले, तर नुकसानीत भर पडते.

रेराच्या कायद्याने संरचनेतील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर टाकली आहे. सळई गंजण्याची क्रिया मात्र संथ असते. बाहेर तडा दिसेपर्यंत बहुधा ही मुदत संपलेली असते आणि कायद्याने मागायला कोणी उरत नाही. म्हणून पाण्याच्या तपासणीचा अहवाल हा कागद काम सुरू होण्यापूर्वी हातात असला पाहिजे.

नदी, नाला आणि मलबा

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्यात मोर्णा स्वच्छता मोहिमेचा पहिला टप्पा पार पडला. जलकुंभीने झाकून गेलेल्या या नदीच्या चार किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही काठांवर, सहा हजारांहून अधिक नागरिक उतरले. शंभरावर संस्थांनी भाग घेतला आणि दर शनिवारी श्रमदान करण्याचे ठरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणी भाषणात या मोहिमेचा उल्लेख केला. अकोलेकरांना अभिमान वाटावा असेच ते काम होते.

परंतु नदी ही तिला मिळणाऱ्या नाल्यांची बेरीज असते. एकीकडे शनिवारी श्रमदान करावयाचे आणि दुसरीकडे जुने घर पाडल्यावर त्याचा मलबा रात्री ट्रॅक्टरने नाल्याच्या काठी लोटावयाचा, हे दोन्ही एकाच शहरात चालू राहिले तर श्रमदानाचा निभाव लागत नाही. नाला अरुंद झाला की पाणी आपला जुना मार्ग शोधते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत मोर्णेला पूर आला आणि अकोल्यातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांपैकी बहुतेकांनी नाल्यात एक घमेलेही मलबा टाकलेला नसेल.

बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासंबंधी केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले. काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वेगवेगळे ढीग करावेत, तो रस्त्यावर किंवा नालीत टाकू नये, ही मूळ अपेक्षा लहानमोठ्या सर्वांना लागू आहे. जुन्या वाड्याचे सागवान, चिरे आणि सळई विकण्यात आपण तरबेज असतोच. उरलेला विटांचा चुरा नव्या बांधकामाच्या भरावात वापरता येतो. तरीही जे शिल्लक राहील ते नेमून दिलेल्या जागी पोहोचविण्याचा खर्च इस्टिमेटमध्ये धरलेला असावा. तो न धरल्यास ट्रॅक्टरवाला सर्वांत जवळचा खड्डा शोधतो, आणि तो खड्डा बहुधा नालाच असतो.

अमरावतीचे चित्र थोडे निराळे आहे. छत्री तलाव आणि वडाळी तलाव हे ब्रिटिश काळात शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले. आज शहराची तहान मोर्शीजवळ सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणावर भागते. अकोल्याची महान येथील काटेपूर्णा प्रकल्पावर. पाणी दुरून नळाने येऊ लागले की गावातील तलाव आणि अंबानाल्यासारखे प्रवाह आपल्याला अडगळ वाटू लागतात. प्रत्यक्षात पावसाचे पाणी आजही त्यांच्याच वाटेने जाते.

या पावसाचा एक साधा हिशेब मांडून पाहू. एखाद्या संकुलाची गच्ची १०,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९२९ चौरस मीटर आहे असे समजा. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के पाणी वाया जाईल असे मानले, तरी सुमारे साडेपाच लाख लिटर पाणी हाती येते. १०,००० लिटरच्या टँकरने मोजल्यास हे ५५ टँकर होतात. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पाऊसपाणी संकलन सक्तीचे केले आहे. नकाशावर त्यासाठीचा खड्डा दाखविलेलाही असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तो खड्डा पाइपाला खरोखर जोडलेला आहे किंवा नाही, हे पाहणारा मात्र कोणी नसतो. खारपाणपट्ट्यात हे पाणी जमिनीत सोडण्यापेक्षा टाक्यात साठविणे अधिक लाभाचे, हेही ध्यानात ठेवावे.

झाडांच्या बाबतीत कायदा आता अधिक कडक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातील शहरी भागात झाड तोडावयाचे असेल, तर त्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात, आणि ५० वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते. जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात संकुल उभारताना तेथील कडुनिंब किंवा पिंपळ वाचवून नकाशा काढणे हे चाळीस-पन्नास रोपे लावून ती जगविण्यापेक्षा सोपे असते. आणि त्या झाडाची सावली ग्राहकाला पहिल्या दिवसापासून मिळते.

विटेचाही विचार करावा. लाल विटेसाठी शेताची वरची सुपीक माती जाते आणि ती पुन्हा तयार होण्यास शतके लागतात. अकोला जिल्ह्यात पारस येथे आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. त्यांच्या राखेपासून विटा होतात. वीज केंद्राच्या ३०० किलोमीटर परिसरातील इमारतींनी, किंमत जास्त पडत नसेल तर, राखेपासून बनविलेले साहित्य वापरावे असे केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत सांगितले आहे. आपली दोन्ही शहरे या परिघात येतात.

ज्यांच्या हातून घर उभे राहते

अमरावतीच्या बांधकामांवर दिवाळीनंतर जे मजूर दिसू लागतात, त्यांत मेळघाटातील कोरकू बांधव बरेच असतात. धारणी-चिखलदरा तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि होळीला गावी परततात, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. आपल्या इमारतीच्या पहिल्या स्लॅबखाली त्यांचा संसार मांडलेला असतो. तेथे शौचालय आहे का, पिण्याचे पाणी वेगळे आहे का, लहान मूल उघड्या टाक्याजवळ खेळत नाही ना, हे प्रश्न विचारण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.

कायदा मात्र आहे. १९९६ पासून बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी द्यावा लागतो आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. हा उपकर आपण बांधकाम परवानगीच्या वेळी भरतो, परंतु त्यातून मिळणारे लाभ नोंदणी असलेल्या कामगारालाच मिळतात. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुरास नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र लागते. उपकराचे पैसे भरणारा मालक पुष्कळदा त्या एका कागदावर सही करण्यास कचरतो. पैसे जातात, लाभ पोहोचत नाही. आपल्या ठेकेदारास बसवून त्याच्या मजुरांची प्रमाणपत्रे तयार करून घेणे हे एका दुपारचे काम आहे.

उन्हाचेही तसेच आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू करण्यात आले होते. कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत, असे आस्थापनांना सांगण्यात आले आणि खासगी शिकवणीवर्गांच्या वेळा बदलण्यात आल्या. दहा मजुरांचे काम दुपारी बारा ते चार थांबविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सकाळी सहाला काम सुरू करता येते, आणि त्याने स्लॅबचीही सोय होते. भर उन्हात ओतलेले काँक्रीट लवकर सुकते व तडकते.

आपण कोणत्या बाजूला आहोत?

बिल्डरविषयी हे सर्व लिहिताना वाचक स्वतःला बाजूला ठेवतील, तर लेखाचा उपयोग नाही. व्यापारी कुटुंब या व्यवहारात अनेक रूपांनी असते. कोणी प्लॉटमालक म्हणून विकसन करार करतो, कोणी भागीदार म्हणून भांडवल घालतो, कोणी बिल्डरला व्याजाने रक्कम देतो, कोणी गुंतवणूक म्हणून दोन सदनिका घेऊन ठेवतो. बँकेच्या कर्जप्रकरणात मालकीहक्काचा शोध, मंजूर नकाशा, मूल्यांकन हे सारे कागद लागतात. माती, पाणी, मजूर आणि मलबा यांविषयीचा रकाना त्या अर्जात सहसा नसतो. पुढे तारण म्हणून जी इमारत उरते, तिची किंमत मात्र याच चार गोष्टींवर अवलंबून असते. तीस वर्षांच्या कर्जाचे तारण पंधराव्या वर्षी पोपडे टाकू लागले, तर ते ना बँकेच्या हिताचे, ना कर्जदाराच्या.

रेराने ग्राहकाला बरेच संरक्षण दिले आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणी आवश्यक आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे संरक्षण पैशाचे आहे. जमिनीचे, पाण्याचे आणि मजुराचे संरक्षण करारात आपण स्वतः लिहून घ्यावे लागते. पुढील बाबी विकसन करारात, किंवा स्वतःचे घर बांधत असल्यास ठेकेदाराच्या करारात, घालण्यास कोणतीही कायदेशीर अडचण नाही:

१. माती व पाणी तपासणीचे अहवाल काम सुरू होण्यापूर्वी देणे.

२. नदी-नाल्याची निळी व लाल पूररेषा नकाशावर दाखविणे.

३. मलबा कोठे जाणार, त्याची जागा व खर्च इस्टिमेटमध्ये लिहिणे.

४. पाऊसपाण्याचे टाके किंवा शोषखड्डा प्रत्यक्ष जोडून, पहिल्या पावसात दाखविणे.

५. उभी झाडे मोजून, वाचवावयाची झाडे नावानिशी नोंदविणे.

६. मजुरांसाठी शौचालय, पिण्याचे पाणी, सुरक्षा साधने आणि ९० दिवसांची प्रमाणपत्रे.

७. शेवटचा हप्ता वरील बाबी पूर्ण झाल्यावरच देणे.

यांतील सातवी बाब सर्वांत महत्त्वाची. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच वऱ्हाडात, अंजनगाव तालुक्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट बांधला आणि पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक झोपडीही ठेवली नाही. त्यांच्याइतका त्याग आपल्या आवाक्यातील नाही, आणि व्यवसाय करणाऱ्याने नफा कमवू नये असेही कोणी म्हणणार नाही. परंतु वास्तू कोणाच्या उपयोगी पडेल, याचा विचार बांधण्याआधी करावयाचा असतो, एवढे त्यांच्या कामावरून घेता येते.

समाजात घरांच्या नोंदणीसाठी गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे मुहूर्त पाळले जातात. येत्या मुहूर्तावर बिल्डरच्या कार्यालयात गेल्यावर दर, मजला आणि पार्किंग यांच्या चौकशीसोबत पाणी तपासणीचा अहवाल मागावा. चार ग्राहकांनी मागितला तर बिल्डर तो तयार ठेवू लागेल. आणि ज्यांच्या नावावर ३० वर्षांहून जुनी इमारत आहे, त्यांनी मुहूर्ताची वाट न पाहता या आठवड्यातच संरचना अभियंत्यास बोलवावे. त्याची फी भाडेकरू आणि मालक यांनी कशी वाटून घ्यावयाची, तो वाद नंतरही मिटविता येईल.